यक्ष, राक्षस आणि ‘कुन’ : जपानी चित्रकथेतील निर्दय सावकार व त्यामागील ऋणव्यवहाराचा इतिहास

इतिहासाच्या अभ्यासकाने चित्रकथेसारख्या लोकरंजनाच्या साहित्याकडे साधन म्हणून पाहावे की नाही, हा प्रश्न आता फारसा वादाचा राहिलेला नाही. मात्र तिच्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. कल्पित पात्राच्या तोंडचे शब्द हा पुरावा नव्हे. परंतु एखादे पात्र विशिष्ट काळीच का जन्मास आले आणि ते त्याच रूपात लोकांना का पटले, हा निश्चितच इतिहासाचा विषय आहे. प्रस्तुत लेखात जपानमधील एका अशाच पात्राचा विचार करावयाचा आहे. मानाबे शोहेई ह्यांची ‘यामिकिन उशिजिमा-कुन’ ही चित्रकथा, म्हणजे जपानी परिभाषेत ‘मांगा’, शोगाकुकान ह्या प्रकाशनसंस्थेच्या ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ ह्या साप्ताहिकातून २००४ ते २०१९ अशी सुमारे पंधरा वर्षे प्रसिद्ध होत होती. तिचे ४६ खंड झाले, आणि तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका व चित्रपटही निघाले. तिचा नायक उशिजिमा काओरू हा बेकायदा सावकार आहे.

‘यामिकिन’ हा शब्द प्रथम समजून घेतला पाहिजे. ‘यामि’ म्हणजे अंधार, आणि ‘किन’ हे वित्तव्यवहार ह्या अर्थाच्या ‘किन्यू’ ह्या शब्दाचे लघुरूप. परवाना न घेता, किंवा घेऊनही कायद्याची व्याजमर्यादा धाब्यावर बसवून जो सावकारी करतो तो यामिकिन. उशिजिमाच्या ‘काउकाउ फायनान्स’ ह्या पेढीचा दर ‘तोगो’, म्हणजे दहा दिवसांस शेकडा ५० असा आहे. सरळव्याजाने हिशेब केला तरी हा दर साल दर शेकडा १,८२५ होतो. त्यातही पहिल्या हप्त्याचे व्याज मनोतीसारखे आधीच कापून घेतले जाते. त्यामुळे कुळाच्या हाती पडणारी रक्कम आणि त्याच्या नावे लिहिलेली रक्कम ह्यांत पहिल्याच दिवशी मोठे अंतर पडते. ह्या कथेतील सर्व दुःखाचे मूळ ह्या साध्या अंकगणितात आहे.

अशा सावकारास खलपुरुष न करता कथेच्या केंद्रस्थानी का बसविले असावे? हे पात्र म्हणजे लेखकाच्या मनाची लहर नसून एका दीर्घ परंपरेतील शेवटचा दुवा आहे, आणि ह्या परंपरेतील प्रत्येक पात्राचा चेहरा त्या त्या काळच्या कायद्याने घडविलेला आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

जपानच्या इतिहासात सावकार आणि राज्यसत्ता ह्यांचे नाते प्रारंभापासून दुटप्पी राहिले आहे. कामाकुरा शासनाने १२९७ मध्ये काढलेला ‘तोकुसेइ’ आदेश हा त्याचा प्रसिद्ध पुरावा होय. शासनाच्या आश्रित योद्ध्यांनी विकलेल्या वा गहाण टाकलेल्या जमिनी त्यांस परत मिळाव्या, हा त्याचा हेतू होता. पुढे १४२८ व १४४१ च्या उठावांत सामान्य जनतेनेच अशा ऋणमुक्तीची मागणी केली आणि ‘दोसो’ नावाच्या गहाणवटदार सावकारांच्या वखारींवर हल्ले चढविले. कर्ज हे केवळ दोन व्यक्तींमधील वचन नसून राज्यकर्त्याला मोडता येण्याजोगे बंधन आहे, ही समजूत अशा रीतीने जपानी जनमानसात खोलवर रुजली.

एदो काळात हाच दुटप्पीपणा अधिक स्पष्ट होतो. अंध व्यक्तींच्या संघास चरितार्थाचे साधन म्हणून शासनाने सावकारीची मुभा दिली होती. ह्या ‘झातो-गाने’ कर्जास सरकारी संरक्षण असल्यामुळे त्याची वसुली फार कडक असे. योद्ध्यांच्या दारी बसून तगादा लावण्याचे प्रकार वाढले, तेव्हा १७७८ मध्ये शासनाने ह्यांपैकी काही धनाढ्य सावकारांस कठोर शिक्षा केल्या. शहरातील फेरीवाल्यांसाठी ‘कारासु-गाने’, म्हणजे कावळ्याचे पैसे, हा एका दिवसाच्या कर्जाचा प्रकार प्रचलित होता. सकाळी कावळा ओरडला की पैसे परत करावयाचे, असा त्या नावाचा अर्थ. पुढे १७८९ मध्ये मात्सुदाइरा सादानोबु ह्यांच्या कारभारात ‘किएन’ आदेशाने शोगुनच्या आश्रितांची जुनी कर्जे रद्द झाली, आणि तांदळाच्या मुशाहिऱ्यावर उचल देणाऱ्या ‘फुदासाशि’ व्यापाऱ्यांस जबर नुकसान सोसावे लागले. परिणाम असा झाला की त्यांनी पुढे कर्जच देण्याचे नाकारले, आणि ज्यांच्या हितासाठी आदेश काढला तेच आश्रित अडचणीत आले. सावकार नकोसा असतो, पण त्याच्यावाचून चालतही नाही, ह्या गाठीचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

मेइजि काळात ही गाठ आधुनिक कायद्याच्या भाषेत बांधली गेली. व्याजमर्यादेचा पहिला आधुनिक नियम १८७७ मध्ये झाला. मर्यादेबाहेरचे व्याज न्यायालयात मागता येऊ नये, एवढीच त्याची झेप होती. खाजगी रीतीने ते वसूल करणाऱ्यास तो थांबवू शकला नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत अर्थमंत्री मात्सुकाता ह्यांच्या चलनसंकोचाच्या धोरणामुळे रेशमाचे भाव कोसळले आणि रेशीम पिकविणारे शेतकरी कर्जात बुडाले. नोव्हेंबर १८८४ मध्ये साइतामा प्रांतातील चिचिबु येथे ‘कोन्मिन्तो’, म्हणजे पीडितांचा पक्ष, ह्या नावाने हजारो शेतकरी शस्त्रे घेऊन उठले. कर्जाची वसुली दहा वर्षे थांबवावी व नंतर चाळीस वर्षांच्या हप्त्यांनी फेड व्हावी, ही त्यांची मागणी होती. सावकारांची घरे व कर्जरोखे ह्यांवर त्यांनी हल्ले केले. सैन्य धाडून उठाव मोडण्यात आला आणि त्याच्या पुढाऱ्यांस फाशी झाली. मध्ययुगीन तोकुसेइची आठवण आणि आधुनिक करारकायद्याची सक्ती ह्यांची ही अखेरची मोठी टक्कर म्हणता येईल. करार पवित्र असतो, हे तत्त्व ह्यानंतर जपानी राज्याने निःशंकपणे स्वीकारले.

साहित्यातील पहिला मोठा आधुनिक सावकार ह्याच वातावरणात अवतरतो. ओझाकि कोयो ह्यांची ‘कोन्जिकि याशा’ ही कादंबरी १८९७ पासून ‘योमिउरि’ वृत्तपत्रात क्रमशः येऊ लागली आणि १९०३ मध्ये लेखकाच्या मृत्यूमुळे अपूर्ण राहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘सुवर्णवर्णी याशा’. आणि ‘याशा’ हे आपल्या संस्कृत ‘यक्ष’ शब्दाचेच बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांमार्फत जपानात पोहोचलेले रूप आहे. धनाचा रक्षक यक्ष तेथे जाऊन धनाचा पिशाच झाला, हे शब्दाच्या इतिहासाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. कादंबरीचा नायक हाझामा कान्इचि हा विद्यार्थी असतो. त्याची वाग्दत्त वधू मिया एका धनिकाशी विवाह करते, आणि त्या आघाताने तो विद्या सोडून निष्ठुर सावकार बनतो. त्या काळच्या बोलीत सावकारास थट्टेने ‘आइस’ म्हणत, कारण ‘कोरिगाशि’ ह्या उच्चाराचे जपानीत दोन अर्थ होतात : भारी व्याजाने कर्ज देणारा, आणि बर्फाची मिठाई. कान्इचिच्या निर्दयतेस एक कारण आहे, आणि ते कारण त्याच्या दुखावलेल्या हृदयात आहे. प्रेमाने त्यास पुन्हा माणूस करता येईल, अशी आशा वाचकास अखेरपर्यंत राहते. सावकारी ही येथे एका सज्जन मनास जडलेली व्याधी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र कर्जाचे स्वरूपच पालटले. शेतकरी व कारागीर ह्यांच्या जागी नोकरदार हा मुख्य ऋणको झाला. येथे १९५४ च्या दोन कायद्यांकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण पुढील अर्धशतकाचा इतिहास त्या दोहोंमधील फटीत घडला. व्याजमर्यादा कायद्याने मुद्दलाच्या प्रमाणात शेकडा १५ ते २० ही दिवाणी मर्यादा ठरविली. त्याच वर्षीच्या ठेवी व व्याजविषयक दुसऱ्या कायद्याने मात्र शेकडा १०९.५ च्या वर गेल्यासच फौजदारी गुन्हा मानला. दर दिवसास शेकडा ०.३ असा हा हिशेब होता. ह्या दोन आकड्यांच्या मधल्या प्रदेशात व्याज घेणे अवैध होते, पण दंडनीय नव्हते. जपानी लोक ह्यास करड्या रंगाचा पट्टा म्हणू लागले.

ह्या पट्ट्यात ‘साराकिन’, म्हणजे पगारदारांस तारणावाचून लहान कर्जे देणाऱ्या पेढ्यांचा धंदा, साठोत्तरी दशकात वाढीस लागला. १९७० नंतरच्या काळात तर वसुलीच्या जाचामुळे परागंदा होणाऱ्या व आत्महत्या करणाऱ्या कुटुंबांच्या बातम्या नित्याच्या झाल्या, आणि ‘साराकिनचा नरक’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९८३ मध्ये सावकारी धंद्याच्या नियमनाचा कायदा झाला. फौजदारी मर्यादा क्रमाक्रमाने शेकडा ७३, ५४.७५, ४०.००४ आणि अखेर २००० साली २९.२ अशी खाली आणली गेली. परंतु ह्याच १९८३ च्या कायद्याने असेही ठरविले की, ऋणकोने विहित कागदपत्रे मिळाल्यावर ‘स्वेच्छेने’ जादा व्याज दिले असेल तर ते वैध फेड समजावे. म्हणजे एका हाताने दर उतरविताना दुसऱ्या हाताने तो पट्टा कायद्याच्या आश्रयास आणला गेला. १९९३ पासून माणसाचे तोंड न पाहता कर्ज देणारी यंत्रे रस्तोरस्ती उभी राहिली, आणि मोठ्या साराकिन पेढ्या भागबाजारातील प्रतिष्ठित कंपन्या झाल्या.

नव्वदीच्या दशकातील सावकारी चित्रकथा ह्या पार्श्वभूमीवर वाचल्या पाहिजेत. आओकि युजि ह्यांची ‘नानिवा किन्यूदो’ १९९० ते १९९६ ह्या काळात प्रसिद्ध झाली. ओसाका येथील एका कर्जपेढीत नव्याने लागलेल्या तरुण नोकराच्या नजरेने ती जामीन, हुंडी, गहाणखत, दिवाळखोरी ह्यांचे व्यवहार इतक्या तपशिलाने दाखविते की अनेकांनी ती कायद्याची प्रवेशिका म्हणून वाचली. १९९२ पासून सुरू झालेल्या ‘मिनामि नो तेइओ’ ह्या तेन्नोजि दाइ व गो रिकिया ह्यांच्या कथेचा नायक मान्दा गिन्जिरो हा दहा दिवसांस शेकडा १० दराने कर्ज देतो. ‘मिनामिचा राक्षस’ हे त्याचे टोपणनाव असले तरी तो आपल्या कुळांस फसविणाऱ्या धूर्तांस कायद्याच्याच डावपेचांनी चीत करतो. कान्इचि दुखावलेला होता. हे दोघे जाणकार आहेत. कायद्यात फटी आहेत हे सर्वांस ठाऊक असलेल्या समाजात फटी ओळखणारा माणूसच वीर ठरतो, यात नवल नाही.

परंतु ही जाणकारी पुढील संकटास पुरी पडली नाही. १९९९ मध्ये एका नामांकित कर्जपेढीच्या वसुलीदाराने जामिनास मूत्रपिंड विकून पैसे आणण्यास धमकाविल्याचे उघडकीस आले व त्यास अटक झाली. २००० च्या दरकपातीनंतर मोठ्या पेढ्या कुळांची अधिक पारख करू लागल्या, आणि ज्यांस त्यांनी नाकारले ते यामिकिनकडे वळले. पत्ता नसलेली, केवळ भ्रमणध्वनीच्या क्रमांकावर चालणारी कर्जे, न मागता खात्यात पैसे घालून मग अवाच्या सवा वसुली करण्याचे प्रकार, दिवाळखोरांच्या याद्या मिळवून त्यांनाच पाठविलेली पत्रे, ही तिची साधने होती. जून २००३ मध्ये ओसाका प्रांतातील याओ येथे यामिकिनच्या तगाद्याने गांजलेल्या तीन वृद्धांनी रेल्वेमार्गावर प्राण दिले. त्याच सुमारास यामागुचि-गुमि ह्या गुन्हेगार संघटनेशी संलग्न अशा एका टोळीचे देशव्यापी यामिकिन जाळे उघड झाले, आणि तिचा पैसा स्वित्झर्लंडमधील अधिकोषापर्यंत पोहोचल्याचे दिसून आले. वैयक्तिक दिवाळखोरीचे अर्ज त्या वर्षी सुमारे २ लक्ष ४२ हजारांवर गेले. हा उच्चांक होता. जुलै २००३ मध्ये यामिकिनविरोधी कायदा संमत झाला. वार्षिक शेकडा १०९.५ हून अधिक व्याजाचा सावकारी करार समूळ निरर्थक होय, असे त्याने ठरविले.

उशिजिमा २००४ मध्ये अवतरतो तो ह्या मुहूर्तावर. त्यास कान्इचिसारखी प्रेमभंगाची कथा नाही, आणि गिन्जिरोसारखे सज्जनरक्षणाचे व्रतही नाही. पुढील भागांत त्याच्या शालेय वयाचे प्रसंग येतात, तो ससे पाळतो हेही वाचकास कळते. पण त्यांतून त्याच्या व्यवसायाचे समर्थन निघत नाही. त्याच्या नावास लावलेला ‘कुन’ हा प्रत्यय बरोबरीच्या वा धाकट्या पुरुषास ओळखीने हाक मारताना वापरतात. यक्ष आणि राक्षस ह्यांच्यापासून ‘कुन’पर्यंतचा हा प्रवास अर्थपूर्ण आहे : सावकार आता पिशाच राहिला नाही, तो शेजारचा माणूस झाला.

तितकीच अर्थपूर्ण गोष्ट अशी की कथेच्या बहुतेक भागांची नावे सावकारावरून नव्हे, तर ऋणकोवरून दिलेली आहेत. ‘दास-कुन’, ‘फ्रीटर-कुन’, ‘पगारदार-कुन’, ‘सरकारी साहाय्य-कुन’ अशी ही नावे आहेत. ‘फ्रीटर’ म्हणजे कायमची नोकरी नसलेला हंगामी कामकरी. ह्या नावांची यादी वाचली तरी १९९१ नंतरच्या मंदीत जपानी समाजातील कोणते थर घसरत गेले, त्याची एक स्थूल पाहणीच डोळ्यांसमोर उभी राहते. उशिजिमा पुष्कळदा कथेच्या कडेला उभा असतो. तो मोजतो, लिहितो, वसूल करतो. आणि त्या वहीच्या प्रकाशात आपणास ऋणकोचे घर, त्याची नोकरी, त्याचा अभिमान व त्याचे व्यसन दिसत जाते. सावकार हे येथे पात्रापेक्षा दृष्टिकोण अधिक आहे.

येथेच ह्या कथेविषयीचा खरा नैतिक प्रश्न उपस्थित होतो. उशिजिमाच्या जगात सावकार लपवाछपवी करीत नाही. दर सांगून कर्ज देतो. तेव्हा ज्याने घेतले त्याने फेडावे, हा न्याय तेथे चालतो. २००४ च्या सुमारास जपानच्या सार्वजनिक चर्चेत ‘जिको सेकिनिन’, म्हणजे स्वतःची जबाबदारी स्वतःवर, हा शब्द फार जोरात होता. त्या शब्दाची सावली कथेवर पडलेली आहे, हे नाकारता येणार नाही. ऋणकोचा आळस, मिरविण्याची हौस, जुगार ह्यांचे चित्रण इतके निर्विकार आहे की वाचकाच्या मनात करुणेइतकाच तिरस्कारही उपजतो.

त्याच वर्षांत न्यायालये मात्र नेमकी उलट दिशा धरीत होती. १३ जानेवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, हप्ता चुकल्यास सर्व रक्कम तत्काळ देय होईल अशा अटीच्या धाकाखाली दिलेले जादा व्याज ‘स्वेच्छेने’ दिले असे म्हणता येत नाही. ह्या एका शब्दाच्या अर्थाने करड्या पट्ट्याचा पाया खचला. डिसेंबर २००६ मध्ये कायदा दुरुस्त झाला. १८ जून २०१० पासून तो पूर्णपणे अमलात आला, फौजदारी मर्यादा शेकडा २० वर आली, आणि वार्षिक उत्पन्नाच्या एकतृतीयांशाहून अधिक कर्ज देण्यास परवानाधारक सावकारांस बंदी झाली. जादा व्याजाच्या परताव्याच्या ओझ्याने ‘ताकेफुजि’ ही एके काळची अग्रगण्य साराकिन कंपनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायालयाच्या आश्रयास गेली. १० जून २००८ चा निर्णय तर ह्याहून मूलगामी आहे. यामिकिनने दिलेले मुद्दल हे अनैतिक हेतूने दिलेले धन होय. ते परत मागण्याचा त्यास अधिकार नाही, आणि पीडिताच्या नुकसानभरपाईतून ते वजाही करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

हे दोन न्याय शेजारी ठेवून पाहावेत. चित्रकथेतील न्याय म्हणतो, घेतलेस तर व्याजासह दे. न्यायालयातील न्याय म्हणतो, व्याज सोडाच, मुद्दलही देऊ नकोस. पहिला न्याय ‘स्वेच्छा’ ह्या कल्पनेवर उभा आहे. दुसऱ्याने त्या कल्पनेचीच तपासणी केली. आणि तरीही ह्या दोहोंत केवळ विरोध आहे असे मानणे चूक ठरेल. न्यायालयास ‘स्वेच्छा’ शब्दाचा अर्थ तपासावा लागला, कारण गरजू माणूस कर्ज कसे घेतो हे सूत्ररूपाने सांगता येत नाही. नेमके तेच चित्रकथा दाखविते. पगाराच्या चार दिवस आधी, कार्यालयातील मित्रांसमोर लाज राखण्यासाठी, काल हरलेले पैसे आज जिंकण्यासाठी, अशा क्षणी दिलेली संमती कितपत संमती असते, हे त्या चित्रांतून कळते. लेखकाचा निर्विकारपणा वाचकास न्यायाधीशाच्या आसनावर बसवितो. पण पुरावा मात्र पूर्ण देतो. ज्याने केवळ तिरस्कार घेतला त्याने अर्धाच पुरावा वाचला, असे म्हणावे लागेल.

कायदा कडक झाल्यावर यामिकिन नाहीशी झाली काय? तिने रूप पालटले. भावी पगाराचा हक्क सवलतीने विकत घेतल्याचा देखावा करून कर्ज देण्याची पद्धत निघाली. हाही सावकारीचाच धंदा आहे, असे जपानच्या वित्तसेवा अधिकरणाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. आगाऊ पगाराची ही खरेदी पाहून एदोतील तांदळाच्या मुशाहिऱ्यावर उचल देणाऱ्या फुदासाशि व्यापाऱ्यांचे स्मरण होते. मानाबे ह्यांनीही २०२० पासून त्याच साप्ताहिकात ‘कुजो नो ताइझाइ’ ही नवी कथा आरंभिली; तिचा नायक सावकार नाही, तर गुन्हेगारांचे वकीलपत्र घेणारा कायदेपंडित आहे. कर्जाचे कथानक अखेर कायद्याच्या दारी आले, हे ह्या परंपरेशी सुसंगतच होय.

सारांश, कान्इचि हा जेव्हा कायदा जादा व्याज न्यायालयात नाकारीत होता पण बाहेर चालू देत होता तेव्हाचा सावकार; त्याचा दोष हृदयात शोधला गेला. गिन्जिरो हा करड्या पट्ट्याच्या भरभराटीतील सावकार. त्याचा गुण बुद्धीत शोधला गेला. उशिजिमा हा तो पट्टा मिटत असतानाचा सावकार. त्याच्यात दोष वा गुण शोधण्याऐवजी वाचकास ऋणकोकडे, म्हणजे बहुधा स्वतःकडेच, पाहावे लागले. पदव्युत्तर अभ्यासकांनी अशा साहित्याकडे वळताना पात्र किती निर्दय आहे हे मोजू नये. ती निर्दयता कोणत्या वर्षी कोणत्या कलमाच्या आडोशाने शक्य होती, हे तपासावे. तसे केल्यास कल्पित सावकाराची वही इतिहासाच्या अस्सल साधनांशेजारी ठेवता येते, आणि त्या वहीतील नावे केवळ कुळांची न राहता एका समाजाची होतात.